गेरूची खूण

फार मागे माळावर एक कळप होता. पाठीवर गेरूची खूण असेल त्याच मेंढीला राखणदार कुत्रा जाळीच्या कुंपणात घेई. दुष्काळात परमुलखातून आलेल्या भुरी नावाच्या मेंढीला आणि तिच्या थोरल्या लेकीला, चांदीला, खूण नव्हती. धाकटं कोकरू इथंच जन्मलं, म्हणून त्याला होती. रोज संध्याकाळी ते एकटंच आत जाई आणि मायलेकी लांडग्यांच्या भीतीत बाहेर उभ्या राहत.

एके दिवशी कळप दारातच बसला. “चांदी आमच्यातच वाढलीय. तिला घेतल्याशिवाय हलणार नाही.”

कुत्रा वैतागला. “बरं, पोरगी येऊ दे. आई नाही.”

मेंढ्या हरखल्या. चांदी मात्र आत येऊन जाळीला नाक लावून उभी राहिली.

“आता कशाला रडतेस?” एकीनं विचारलं.

“कालपर्यंत आईला सोबत तरी होती.”

मग एक म्हातारी मेंढी उठली आणि पुन्हा दारात जाऊन बसली.