टिंबीचा शेपमोजा

निफाडला थंडी पडली. कुडकुड कुडकुड!

तिथे एका घरात राहायची टिंबी. टिंबी कोण? उंदराची लेक. केवढी? एवढीशी. टिंबाएवढी.

टिंबीचे कान लहान. टिंबीचे पाय लहान. पण शेपटी? लांबच लांब! आणि शेपटी लांब, की थंडीही लांब.

म्हणून आईने टिंबीला मोजा विणून दिला होता. शेपटीचा मोजा. लाल लाल. आई त्याला म्हणायची शेपमोजा.

ही आई म्हणजे घरातल्या मुलांची आई. मुलं तिला आई म्हणायची. मग टिंबीही आई म्हणायची.

एका रविवारी टिंबी धावत होती. तुरुतुरु तुरुतुरु! दाराला होता खिळा. खिळ्यात अडकला धागा. टिंबी पुढे, धागा मागे. सर्रर्रर्र! मोजा उसवला. सगळाच्या सगळा.

टिंबीने मागे पाहिलं. मोजा कुठे? मोजा नाहीच. नुसती वाकडीतिकडी लोकर. आणि शेपटी उघडी. टिंबीला रडू आलं.

पण रडून शेपटीला ऊब येते का? नाही येत. टिंबीने लोकर गोळा केली. गोल गोल गुंडा केला. गुंडा ढकलत ढकलत ती स्वयंपाकघरात गेली.

आई स्वयंपाकघरात होती. आईला सारखं काम. डबे भरा. भांडी लावा. कुणाचं काय हरवलं, ते शोधा. मग आई विणते तरी कधी?

कुकर शिजतो ना, तेव्हा! कुकर चढला, की आई विणायला बसते. शिट्ट्या झाल्या, की उठते. तेवढाच वेळ आईचा.

टिंबी म्हणाली,

"आई आई, मोजा विणून दे.
माझी शेपटी गारठली!"

"देईन की," आई म्हणाली. "पण सुई एकच आहे. एका सुईने विणता येत नाही. आधी दुसरी सुई आण, मग मोजा विणीन."

आणि आईने कुकरकडे बोट केलं. कुकरमध्ये होते हरभरे. हरभरे हट्टी. लवकर शिजत नाहीत. खूप शिट्ट्या घेतात. पण शिट्ट्या संपायच्या आत सुई यायला हवी. नाहीतर आई उठणार, आणि मोजा राहणार.

सुई कुठे बरं असेल? टिंबीने नाक हलवलं. फुसफुस फुसफुस. नाक म्हणालं, इकडे!

टिंबी गेली. तुरुतुरु तुरुतुरु!

समोर आत्या. आत्या कपड्यांच्या घड्या घालत होती. आत्याचा मोठा अंबाडा. आणि अंबाड्यात काय? सुई! विणायची सुई!

टिंबीने डोळे मोठे केले. सुई तर विणायला असते. अंबाड्यात कशी?

आत्या म्हणाली, तिचा आकडा हरवला, म्हणून तिने सुई खोचली. टिंबी म्हणाली,

"आत्या आत्या, सुई दे.
सुई आईला देईन.
आई मोजा विणेल.
माझी शेपटी गारठली!"

"देईन की," आत्या म्हणाली. "पण अंबाडा सुटेल. आधी माझा आकडा आण, मग सुई देईन."

शुंईईई! कुकरने शिट्टी दिली.

आकडा कुठे बरं असेल? टिंबीने नाक हलवलं. फुसफुस फुसफुस. नाक म्हणालं, इकडे!

टिंबी गेली. तुरुतुरु तुरुतुरु!

समोर बाबा. बाबांच्या मांडीवर पायजमा. बाबा पायजम्यात नाडी ओवत होते. कशाने? आकड्याने! नाडी आत जायची. नाडी सुटायची. बाबा परत पहिल्यापासून ओवायचे.

टिंबीने डोळे मोठे केले. आकडा तर केसांत असतो. पायजम्यात कसा?

बाबा म्हणाले, त्यांची पिन हरवली, म्हणून आकडा घेतला. टिंबी म्हणाली,

"बाबा बाबा, आकडा द्या.
आकडा आत्याला देईन.
आत्या सुई देईल.
सुई आईला देईन.
आई मोजा विणेल.
माझी शेपटी गारठली!"

"देईन की," बाबा म्हणाले. "पण नाडी राहील. आधी माझी पिन आण, मग आकडा देईन."

शुंईईई! कुकरने शिट्टी दिली.

पिन कुठे बरं असेल? टिंबीने नाक हलवलं. फुसफुस फुसफुस. नाक म्हणालं, इकडे!

टिंबी गेली. तुरुतुरु तुरुतुरु!

समोर ताई. ताई अंगणात झाडांना पाणी घालत होती. ताईचा स्वेटर हिरवा. बटणं पिवळी, मोठी मोठी. पण एक बटण नाही. तिथे काय? पिन!

टिंबीने डोळे मोठे केले. पिन तर नाडी ओवायला असते. स्वेटरला कशी?

ताई म्हणाली, तिचं बटण हरवलं, म्हणून पिन लावली. टिंबी म्हणाली,

"ताई ताई, पिन दे.
पिन बाबांना देईन.
बाबा आकडा देतील.
आकडा आत्याला देईन.
आत्या सुई देईल.
सुई आईला देईन.
आई मोजा विणेल.
माझी शेपटी गारठली!"

"देईन की," ताई म्हणाली. "पण थंडी वाजेल. आधी माझं बटण आण, मग पिन देईन."

शुंईईई! कुकरने शिट्टी दिली.

बटण कुठे बरं असेल? टिंबीने नाक हलवलं. फुसफुस फुसफुस. नाक म्हणालं, इकडे!

टिंबी गेली. तुरुतुरु तुरुतुरु!

समोर दादा. दादा सापशिडी खेळत होता. कुणाशी? स्वतःशीच! एकदा या बाजूला बसायचा, एकदा त्या बाजूला. इकडे हिरवी सोंगटी. तिकडे काय? पिवळं बटण!

टिंबीने डोळे मोठे केले. बटण तर स्वेटरला असतं. सापशिडीत कसं?

दादा म्हणाला, त्याची लाल सोंगटी हरवली, म्हणून बटण ठेवलं. टिंबी म्हणाली,

"दादा दादा, बटण दे.
बटण ताईला देईन.
ताई पिन देईल.
पिन बाबांना देईन.
बाबा आकडा देतील.
आकडा आत्याला देईन.
आत्या सुई देईल.
सुई आईला देईन.
आई मोजा विणेल.
माझी शेपटी गारठली!"

"देईन की," दादा म्हणाला. "पण खेळ मोडेल. आधी माझी सोंगटी आण, मग बटण देईन."

शुंईईई! कुकरने शिट्टी दिली.

सोंगटी कुठे बरं असेल? टिंबीने नाक हलवलं. फुसफुस फुसफुस. नाक म्हणालं, इकडे!

टिंबी गेली. तुरुतुरु तुरुतुरु!

समोर आजोबा. आजोबा उन्हात बसले होते. गुडघ्याला तेल चोळत होते. शेजारी तेलाची बाटली. छोटीशी. बाटलीच्या तोंडात काय? लाल सोंगटी!

टिंबीने डोळे मोठे केले. सोंगटी तर सापशिडीत असते. बाटलीत कशी?

आजोबा म्हणाले, त्यांचं बूच हरवलं, म्हणून सोंगटी बसवली. टिंबी म्हणाली,

"आजोबा आजोबा, सोंगटी द्या.
सोंगटी दादाला देईन.
दादा बटण देईल.
बटण ताईला देईन.
ताई पिन देईल.
पिन बाबांना देईन.
बाबा आकडा देतील.
आकडा आत्याला देईन.
आत्या सुई देईल.
सुई आईला देईन.
आई मोजा विणेल.
माझी शेपटी गारठली!"

"देईन की," आजोबा म्हणाले. "पण तेल सांडेल. आधी माझं बूच आण, मग सोंगटी देईन."

शुंईईई! कुकरने शिट्टी दिली.

टिंबी निघाली, आणि थांबली. बूच म्हणजे काय असतं? टिंबीने कधी बूच पाहिलंच नव्हतं. तिने आजोबांना विचारलं. आजोबांनी सांगितलं. बूच असतं गोल. तपकिरी. मऊ मऊ. त्याला तिळाच्या तेलाचा वास येतो.

बूच कुठे बरं असेल? टिंबीने नाक हलवलं. फुसफुस फुसफुस. नाक म्हणालं, इकडे!

टिंबी गेली. तुरुतुरु तुरुतुरु! दारातून आत. खाटेखालून पुढे. कपाटाच्या मागे.

टिंबी थांबली. इकडे? इकडे तर माझं बीळ!

नाक म्हणालं, इकडेच.

टिंबी बिळात शिरली. आत तिचं अंथरूण. अंथरुणावर तिची उशी. उशी कशी? गोल. तपकिरी. मऊ मऊ. टिंबीने उशीचा वास घेतला. फुसफुस फुसफुस. तिळाच्या तेलाचा वास!

अगं बाई. हे बूच?

उशी तिला खाटेखाली सापडली होती. छान दिसली, म्हणून तिने आणली. ती कुणाची तरी असेल, हे टिंबीच्या मनातच आलं नव्हतं.

टिंबीने उशीला मिठी मारली. उशी दिली, तर डोकं कशावर ठेवायचं? उशीशिवाय टिंबीला झोप येत नाही. उशी तिची फार लाडकी.

पण बूच नाही, तर सोंगटी नाही. सोंगटी नाही, तर बटण नाही. बटण नाही, तर पिन नाही. पिन नाही, तर आकडा नाही. आकडा नाही, तर सुई नाही. सुई नाही, तर मोजा नाही. आणि शेपटी? कुडकुड कुडकुड.

शुंईईई! कुकरने शिट्टी दिली.

टिंबीने उशीला एक पापा दिला. मग उशी ढकलली. गडगड गडगड! खाटेखालून. दारातून. अंगणातून. थेट आजोबांपुढे.

"आजोबा, बूच माझ्याकडेच होतं," टिंबी म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला. "मला वाटलं, उशी आहे."

आजोबांनी बूच फिरवून पाहिलं. एका कडेला दातांच्या बारीक बारीक खुणा. आजोबा पोट धरून हसले.

"काखेत कळसा, गावाला वळसा," आजोबा म्हणाले.

आजोबांनी बूच लावलं. टुप्प! मग त्यांनी सोंगटी दिली.

टिंबी गेली. तुरुतुरु तुरुतुरु! सोंगटी दादाला दिली. दादाने सापशिडीत ठेवली. टक! मग दादाने बटण दिलं.

बटण ताईला दिलं. ताईने सुईदोरा घेतला. स्वतःच बटण शिवलं. टाके थोडे वाकडे. पण बटण पक्कं. मग ताईने पिन दिली.

पिन बाबांना दिली. बाबांनी पिनेला नाडी अडकवली. सळसळ सळसळ! नाडी इकडून आत, तिकडून बाहेर. मग बाबांनी आकडा दिला.

आकडा आत्याला दिला. आत्याने अंबाड्यात खोचला. खच्च! मग आत्याने सुई दिली.

टिंबी धावली. सुई लांब, टिंबी एवढीशी. सुई ओढली, ओढली, ओढली. आणि सुई आईला दिली.

शुंईईई! कुकरने शिट्टी दिली.

आईने हातात दोन सुया घेतल्या. लाल लोकर घेतली. टिकटिक टिकटिक! दोन सुलट, दोन उलट. दोन सुलट, दोन उलट. मोजा वाढला. अजून वाढला. अर्धा झाला.

शुंईईई! कुकरने शिट्टी दिली. ही शेवटची.

आईने कुकरकडे पाहिलं. टिंबीने मोज्याकडे पाहिलं. अर्धाच मोजा. अर्धी शेपटी मावेल. आणि बाकीची अर्धी?

आई उठायला लागली. तेवढ्यात दारात कोण आलं? बाबा! हातात नाडी ओवलेला पायजमा.

"तू बस," बाबा म्हणाले. "माझे हात आता रिकामे आहेत."

बाबांनी गॅस बंद केला. कुकर गप्प झाला. आत्याने फोडणी घातली. चर्रर्र! ताईने कोथिंबीर निवडली. दादाने ताटं मांडली. आजोबा खोबरं किसायला बसले. थोडं किसलं, थोडं खाल्लं.

आणि आई? आई विणत बसली. शिट्ट्या संपल्या, तरी आई विणत बसली! असं या घरात कधी झालं नव्हतं. आईलाच गंमत वाटली. टिकटिक टिकटिक! दोन सुलट, दोन उलट. मोजा टोकापर्यंत झाला. आईने कड शिवली. धागा कापला. आणि मोजा शेपटीवर चढवला.

टिंबीने शेपटी हलवली. इकडे हलवली, तिकडे हलवली. कुठेच थंडी नाही!

सगळे जेवले. टिंबीलाही एक हरभरा मिळाला. मग टिंबी बिळात गेली. या वेळी खिळ्यापासून लांब लांब गेली.

बिळात अंथरूण होतं. पण उशी नव्हती. टिंबीने इकडे डोकं ठेवलं. टोचलं. तिकडे डोकं ठेवलं. टोचलं. आता काय करावं बरं?

टिंबीने नाक हलवलं. फुसफुस फुसफुस. नाकाला लागलं काहीतरी मऊ मऊ. काय होतं ते?

शेपटी! मोज्यातली शेपटी!

टिंबीने शेपटी गोल गोल गुंडाळली. तिच्यावर डोकं ठेवलं. आहाहा. बुचापेक्षाही मऊ. आणि ही उशी कुणाचीच नाही. टिंबीची आहे.

लोकर संपली, गाठ मारली.
गोष्ट संपली, टिंबी निजली.