ठमाईच्या पदराची गाठ

ज्या काळी फोन माणसाच्या खिशात असायचा आणि बोलणं मात्र डोंगराच्या डोक्यावर राहायचं, त्या काळची ही गोष्ट. किती वर्षं झाली, नक्की कोणी सांगत नाही. कोणी म्हणतं तीन पिढ्या, कोणी म्हणतं पाच. ठमाईला डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आता कुंभेदऱ्यात उरलं नाही, पण ती कोण हे विचारावं लागेल असंही कोणी नाही.

कुंभेदरा म्हणजे तीन बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूला ओढा. घरं बेचाळीस. वारासुद्धा आत यायचा तो वाट चुकून, तिथे रेंज कुठली येणार? ती यायची फक्त घारकातळावर, म्हणजे गावाच्या डोक्यावर घारीच्या चोचीसारखा पुढे आलेला काळा खडक आहे ना, त्याच्यावर. चढायला दीड तास. निम्मं गाव पोटासाठी देशावर, टोमॅटोच्या मळ्यात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी नि बायांनी त्यांच्याशी बोलायचं कसं?

तर त्यांच्या वतीने ठमाबाई लोहकरे बोलायची. विधवा बाई, अक्षर ओळखायची नाही, आकडे तेवढे ओळखायची, आणि पाय शेळीचे. सकाळी घरोघरी फिरून निरोप घ्यायची आणि दर निरोपाला पदराला एक गाठ मारायची. कातळावर पोचून गाठीला बोट लावलं की निरोप जसाच्या तसा बाहेर, तोच हुंदका, तीच शिवी. सासूचा खोकलासुद्धा ती फोनवर खोकून दाखवायची, असं म्हणतात. मग उत्तरं घेऊन खाली यायची आणि दारोदार एकेक गाठ सोडायची. निरोप पोचल्याशिवाय गाठ सोडायची नाही, हा तिचा नेम.

बाया चेष्टा करायच्या. "ठमे, साऱ्या गावाची भांडणं पदरात घिऊन फिरतीस, झटक की जरा!"

"झटकते की," ती म्हणायची. "पण तुझ्या दादल्याचा निरोप बी त्यातच हाय. तो बी पडंल मग."

पण सगळ्याच गाठी हसण्याच्या नसायच्या. कोणाला पान लागलं, म्हणजे साप डसला, किंवा कोणी बाई अडली, तर दवाखान्याची गाडी बोलवायला आधी दीड तास वर जायचं. गाडी यायच्या आत माणूस गेलेलं असायचं. अशी किती गेली, ते ओढ्याकाठच्या राखेला ठाऊक.

शेवटी ठमाबाईच उठली. तालुक्याहून संस्थेच्या पाटणकरबाई बचत गटाच्या बैठकीला यायच्या, त्यांच्या मागेच लागली. "बाई, माणसं चढून चढून थकली. आता बोलणंच खाली आणा." वर्षभर तिने त्यांना सोडलं नाही, आणि मग ठरलं. कातळावर खांब, खांबावर डबा, आणि डब्याला उन्हावर चालणारी काचेची प्लेट. लांबच्या टॉवरवरचं बोलणं डबा पकडणार आणि खाली दरीत सोडणार. सामान गावानेच खांद्यावर वाहून नेलं. लोखंडी खांब सोळा जणांना हलेना, ठमाबाईने पदराची चुंबळ करून डोकं लावलं तेव्हा हलला, असं म्हणतात.

डबा चालू झाला त्या दिवशी बाया आपापल्या उंबऱ्यात बसून लेकरांशी बोलल्या. नुसतं बोलणं नाही, तोंडं दिसली. एका म्हातारीने तर भाकरीचा तुकडा फोनमधल्या लेकाच्या तोंडाशी नेला.

पाटणकरबाई जाताना बजावून गेल्या, "प्लेटला कोणी हात लावायचा नाही." आता हात लावायचा नाही म्हणजे काय? गावाला एकच अर्थ ठाऊक. हात लावायचा नाही तो देव.

दसऱ्याला ठमाबाई तेलात शेंदूर कालवून वर गेली. "ज्यानं लेकरांची तोंडं दावली, तो उघडाबोडका ठिवायचा व्हय?" असं म्हणून तिने प्लेटवर पाची बोटं उमटवली. तिने केलं म्हणजे झालंच. दर पुनवेला एकेक घर जाऊ लागलं, तेल नि शेंदूर घेऊन. प्लेट मारुतीसारखी लाल झाली. उन्हाळ्यात ऊनच एवढं की कडेकडेने शिरायचं, डबा कसाबसा बोलायचा. कोणाला शंका आली नाही.

आषाढ लागला तेव्हा ठमाबाईची सून झुंबर दिवसांत होती. ठमाबाईचा मुलगा बारकू देशावर. एका सकाळी झुंबरला कळा सुरू झाल्या आणि सुईणीने ठमाबाईला बाजूला घेऊन मान हलवली. मूल आडवं होतं.

"आत्याबाई, फोन लागतोय न्हवं?" झुंबरने विचारलं.

"लागंल ग. कालच तर देवाला शेंदूर लावून आले."

फोन लागला नाही. शेजारचाही लागला नाही. बेचाळीस घरांतला एकही नाही. ठमाबाई पावसातून कातळाकडे पळाली. दीड तासाची चढण तिने निम्म्या वेळात चढली. टोकावर उभं राहिल्यावर जुनी रेंज सापडली. गाडीवाला म्हणाला, निघालो. तिने पदराला गाठ मारली: गाडी येतीय, धीर धर. आणि दगडांवरून घसरत, गुडघे फोडत खाली आली.

दारात आली तर आत मूल रडत होतं. मुलगी. रडत होती ती तेवढीच. झुंबरचा आवाज थांबला होता.

ती गाठ ठमाबाईने सोडली नाही. निरोप पोचला नव्हता ना.

तेराव्यानंतर पाटणकरबाई कातळावर गेल्या. त्यांनी नखाने प्लेट खरवडली आणि खालीच बसल्या. "ठमाबाई, अहो, यातून ऊन शिरणार कुठून? डबा उपाशी मेला की." थर निघत गेले, पुनवेपुनवेचे. सगळ्यात तळाशी पाच बोटं निघाली. ठमाबाईने आपला हात त्यावर ठेवला. बोटाला बोट बसलं.

गावात तिला कोणी एक शब्द बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. बारकू आला, त्याने लेक छातीशी धरली. पुढे मळा सोडून तो गावातच राहिला, पण आईशी बोलायचा तो फोनवरच. समोर आली की मान खाली.

ठमाबाईने राखेने हात धुतले, कातडं सोलेपर्यंत धुतले, आणि ती कातळावर राहायला गेली. कारवीच्या कुडाचं खोपटं केलं. उजाडलं की प्लेट पुसायची, दुपारी पुसायची, धुकं आलं की पुसायची. पुसायला काय, तर अंगावरच्या लुगड्याचा पदर. सात वर्षं. पदर विरून जाळी झाली, गाठ तेवढी राहिली. खाली दरीत त्या सात वर्षांत एकही फोन लागायचा राहिला नाही. सात बायका अडल्या, सातही वाचल्या. ठमाबाई कोणाच्या बारशाला आली नाही.

सातव्या श्रावणात पाऊस धरला तो नऊ दिवस सुटेना. दुसऱ्याच दिवशी कातळावर वीज पडली. फोन मेले. लोक म्हणाले, संपली म्हातारी. वर जायची वाट वाहून गेली होती, बघायला कोण जाणार?

नवव्या दिवशी भर दुपारी कुंभेदऱ्यातला फोन वाजला. एक नाही, सगळे. मिसरीच्या डब्यात बंद पडून राहिलेलेसुद्धा वाजले. आणि सगळ्यांतून आवाज एकच: "घर सोडा. लेकरं उचला, भांडी ऱ्हाऊ द्या. देवळाच्या टेकाडावर चढा. म्या ठमा बोलतीया." ज्यांच्या घरी फोनच नव्हता, त्यांना तो चुलीच्या जाळातून ऐकू आला, असं म्हणतात.

कोणी थांबलं नाही. तिने कधी खोटा निरोप आणला नव्हता. बारकूने लेक खांद्यावर टाकली आणि धावला. शेवटची म्हातारी टेकाडावर पोचली आणि मागे डोंगराने अंग सोडलं. बेचाळीस घरं गाळाखाली गेली. गुरं दाव्याला तशीच होती. त्यांचं हंबरणं ज्यांनी ऐकलं, त्यांनी पुढे जन्मभर दूध प्यायलं नाही. पण माणूस एकही गेलं नाही.

पाऊस थांबल्यावर बारकू आणि पाटणकरबाई नवी वाट पाडत कातळावर चढले. खोपटं नव्हतं. ठमाबाईही नव्हती, खाली नाही, कपारीत नाही. पाटणकरबाईंनी डबा उघडला. आतल्या तारा जळून कोळसा झाल्या होत्या, आठ दिवसांपूर्वीच्या.

"हा डबा बोललेलाच नाही," त्या म्हणाल्या.

खांबाला पदराची चिंधी बांधलेली होती. बारकूने ती हातावर पसरली. गाठींच्या चुण्या मोजल्या. बेचाळीस, सगळ्या सुटलेल्या. आणि एक त्रेचाळिसावी, काळी पडलेली, सात वर्षांची. तीही सुटलेली होती.

बारकूने ती चुणी अंगठ्याने कितीदा तरी सपाट केली. "पोचली आई झुंबरपातुर," तो म्हणाला, आणि मग तिथेच बसून राहिला.

आता गाव टेकाडावर आहे. कातळावरच्या डब्याचं काम केव्हाच संपलं, बोलणं कुठूनही कुठेही जातं. तरी घारकातळावर एक काच उभी आहे आणि रोज एका घरची पाळी असते. त्या घरची बाई जुन्या लुगड्याचं मऊ फडकं घेऊन चढते आणि काच पुसून येते. घरात कोणी अडलेलं असलं तर फडक्याला एक गाठ मारून तिथे ठेवते, आणि माणूस सुखरूप सुटलं की स्वतः जाऊन सोडते. हळद नाही, कुंकू नाही, फूल नाही.

नवी सून गावात आली की सासू तिला आधी देवळात नेते, देवाला शेंदूर लावायला सांगते. मग ओढ्यावर नेते आणि म्हणते, "आता हात धू बाई. चांगले चोळून धू. आपल्याला ठमाईकडं जायचंय."