राणूचे पान

कासारमाळच्या टेकडीवर वाघजाईचे देऊळ आहे. तिथे एखाद्या दिवशी पहिल्याच पायरीवर पत्रावळ मांडलेली दिसते. तिच्यापुढे कोणीतरी जेवत बसलेले असते आणि आत देवीचा नैवेद्य अजून झाकलेलाच असतो. नवख्याला हे विपरीत वाटते. देवीच्या आधी माणूस कसा जेवतो? मग म्हातारे धर्माजी गुरव पाहुण्यांना सावलीत बसवतात आणि ठकूची हकिकत सांगतात.

ठकू लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतली, ती धाकट्या भावाच्या, हैबतीच्या घरी. हैबतीची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली आणि तिचा मुलगा राणू ठकूच्या मांडीवर वाढला. त्याला आत्या म्हणायला शिकवले होते, पण झोपेत तो तिला आईच म्हणे, असे सांगतात.

मार्गशीर्षात राणूला सात वर्षे पुरी झाली. ठकूने त्याला न्हाऊ घातले, ओवाळले, गव्हाची खीर रांधली. हैबतीने नैवेद्य देवळात नेऊन आणायचा, मग पोराने जेवायचे, असा रिवाज. पण हैबती मळ्यात अडकला. ऊन चढले. राणू चुलीपाशी आला.

"आत्या, भूक लागली. थोडीशीच वाढ ना."

"देवीच्या आधी? थांब जरा."

तो पुन्हा आला. ठकू धुराने कावली होती. तिने पळी उगारली. "एवढी कसली रे हाव मेल्या! जा, खेळ जा."

राणू गेला तो ओढ्याकडे. डोहावर वाकलेल्या बोरीवर चढला आणि फांदी मोडली. लोकांनी त्याला बाहेर काढले तेव्हा मुठीत कच्ची बोरे होती.

हैबतीने एकच विचारले, "अक्का, जेवला होता का गं?"

"जेवला," ठकू म्हणाली. "दोनदा खीर मागून घेतली."

तेवढ्या शब्दावर तो बाप तगला. येईल त्याला सांगे, "माझा राणू भरल्या पोटी गेला." ते ऐकले की ठकूच्या तोंडात घास फिरे. जात्यावर बसली की 'मेल्या' हा आपलाच शब्द तिला ऐकू येई. खरे सांगावे तर भावाचा तेवढाही आधार जाणार, म्हणून ती गप्प राही. आणि गप्प राहिल्याबद्दलही स्वतःला खात राही.

वर्ष फिरून तीच तिथी आली. राणूच्या नावाने देवीला खीर दाखवावी म्हणून बहीणभाऊ टेकडी चढले. पायरीवर घिसाड्याचे एक पोर बसले होते. त्यांचा तळ पायथ्याशी पडला होता.

"मावशे, भूक लागलीया," ते म्हणाले.

"देवीच्या आधी? थांब..." ठकू बोलून गेली आणि जागच्या जागी थिजली. मग तिने पळसाची पाने तोडली, पायरीवर मांडली आणि सगळी खीर त्यांवर ओतली.

"अक्का! नैवेद्य उष्टा केलास?" हैबती ओरडला.

"जेवला नव्हता रे तो," ठकू म्हणाली. "दोनदा मागायला आला. मी हाकलला. मेल्या म्हणाले मी त्याला."

हैबतीने हातातला तांब्या खाली ठेवला आणि तो एकटाच टेकडी उतरला. ठकू पोराला वाढत राहिली. त्याला आठ वर्षे झाली होती. पुढचे नवे दात नुकते वर आले होते. राणूचेही एव्हाना आले असते.

वर्षभर हैबती तिच्याशी बोलला नाही. ती वाढी, तो जेवी आणि उठून जाई. तिनेही माफी मागितली नाही. कुठल्या तोंडाने मागणार?

पुढल्या मार्गशीर्षात ती खीर घेऊन एकटीच वर गेली, तर पायरीवर हैबती बसलेला. शेजारी धनगराचा एक पोरगा.

"याला नऊ पुरी झाली," हैबती म्हणाला. "वाढ."

ठकूला रडू फुटले.

"रडू नको. मी माफ केलं असंही समजू नको. पण त्याचं पान आता चुकायचं नाही."

तेव्हापासून दर साली राणूच्या वयाचा कोणीतरी पायरीवर जेवू लागला. कधी मिसरूड फुटलेला, कधी अंगावरची हळद न उतरलेला, कधी कडेवर लेकरू घेऊन आलेला. राणू आज असा दिसला असता, म्हणून ठकू त्याच्याकडे पाहत राही. एकजण म्हणाला, "आत्या, बास, पोट भरलं," तरी तिचा हात वाढायचा थांबेना, म्हणे. हैबती गेला, मग ठकू गेली. तिच्या मनातला सल गेला होता, असे मात्र कोणी सांगत नाही.

राणूचे पान गावाने चालू ठेवले. शेवटी शेवटी तर एका ठार बहिऱ्या म्हाताऱ्याला डोलीत घालून वर आणावे लागे. एका साली तोही उरला नाही. माणसे पंचक्रोशी फिरली, पण तेवढ्या वयाचे कोणीच सापडले नाही. त्या मार्गशीर्षात खीर सरळ आत, देवीपुढे गेली.

आजही कासारमाळात गेलेल्या माणसाच्या वाढदिवसाला, ते असते तर जेवढे असते तेवढ्या वयाचे माणूस शोधून आणतात आणि पायरीवर आधी त्याला वाढतात. एखाद्या वर्षी तसे कोणी मिळाले नाही, की घरातली बायामाणसे डोळे पुसतात आणि एकमेकींना सांगतात, आपलं माणूस म्हातारं होऊन गेलं.