न मोजलेले ढीग

फार पूर्वी, रानातल्या प्राण्यांना आकडेमोड नुकतीच येऊ लागली होती, तेव्हाची गोष्ट. झिपरी खारीइतके भरभर चिंचोके कोणीच मोजत नसे. म्हणून ती मोठ्या तोऱ्यात सायाळबाईंच्या वरच्या शाळेत गेली.

बाईंनी विचारलं, "दोन विषम ढीग एकत्र केले, तर बेरीज नेहमी समच येते का?"

झिपरीने तीन दिवस राबून दोनशे वेळा ढीग केले, मोजले. "येते, बाई!"

"आणि दोनशे एकाव्या वेळी?"

झिपरी रडकुंडीला आली. "मला नाही जमायचं हे," ती पुटपुटली. पण घरी गेली नाही. मोजायला शिवशिवणारे पंजे पोटाशी दाबून ती चिंचोक्यांकडे नुसती बघत बसली.

आठव्या दिवशी ती उठली. "बाई, विषम ढिगात दोन-दोनच्या जोड्या लावल्या की एकच उरतो. दुसऱ्या ढिगातही एकच उरतो. त्या दोघांची जोडी लागते, मग एकटं कोणीच राहत नाही. ढीग केवढेही असोत!"

"या वेळी किती ढीग मोजलेस?"

"एकही नाही," झिपरी ताठ मानेने म्हणाली.

बाईंनी लगेच पुढचा, आणखी अवघड प्रश्न घातला. झिपरी पंजे दुमडून विचाराला बसली.