वाढत्या सावलीचा खिळा

एका राज्यात गुन्हेगाराच्या पायात बेडी घालत नसत; त्याची सावली मंतरलेल्या खिळ्याने तुरुंगाच्या भिंतीला ठोकत. हातोडा खुद्द राजाने मारायचा, अशी रीत. सावली अडकली की माणूस जन्मभर तिथेच. तिथला राजा दंडधर, आणि त्याच्या हाताला न्यायाची भारी घाई!

एके दिवशी तुंगा नावाच्या बारा वर्षांच्या पोरीने राजाच्या वैरणीची गंजी पेटवली. गंजीत पहारेकरी झोपला होता, तो जळून मेला. राजाने काही विचारले नाही, हातोडा मागवला.

"महाराज, कधी सोडाल?" तुंगा रडत म्हणाली.

"कधीच नाही," राजा म्हणाला आणि त्याने खिळा ठोकला.

आता मोठ्या माणसाची सावली असते तेवढीच राहते, पोरांची वाढते. एवढी साधी गोष्ट भरल्या दरबारात एकालाही सुचली नाही.

तुंगा वाढली, तशी तिची सावली वाढली. भिंतीवरून छतावर चढली, छतावरून गल्लीत उतरली. तिच्यात ज्याचा पाय पडे त्याची सावली तिला चिकटे, आणि मग तो जागचा हलत नसे. विहिरीवरच्या बायका दोर धरून तशाच राहिल्या. त्यांचे डोळे तेवढे फिरत. एका सकाळी राजपुत्र अंगणात चेंडू खेळता खेळता थांबला. राजाच्या तोंडचे पाणी पळाले.

तेव्हा कठड्यावर एक पिंगळा घुबड येऊन बसले आणि बोलले, "राजा, आज सूर्य बुडाला की ही सावली रात्रीत मिसळेल. मग उजाडणार नाही. खिळा तू ठोकलास, तूच उपट. पण आधी तीन कामे कर. मेलेल्याच्या बायकोला भेट. भुयारातून दिव्याविना तुरुंगात जा. उजेड नसेल तर तुझी सावली पडणार नाही. आणि जे तेव्हा विचारले नाहीस, ते विचार."

राजा ती सावली चुकवत उन्हाउन्हातून पहारेकऱ्याच्या बायकोकडे, गिरजाकडे गेला.

"माफी मागायला आलात? ती मी देणार नाही," गिरजा म्हणाली. "माझा माणूस गेला, महाराज. पण त्या पोरीला कायमचं ठोकलंत म्हणून माझी एक रात्र सुखाची गेली नाही. शिक्षा द्या, पण त्या शिक्षेला शेवट असू द्या."

मग राजा भुयारात शिरला. काळोख श्वास घेत होता. भिंती थंडगार, आणि त्या हलत होत्या. भीतीने त्याने कमरेची चकमक काढली, तिच्यावर दगड टेकवला, आणि घुबडाचे बोल आठवून पुन्हा खोचली.

तुरुंगात पोचताच त्याने विचारले, "तुंगा, त्या दिवशी काय झाले?"

अंधारातून एका मोठ्या बाईचा आवाज आला. "आमची वैरण तुमच्या घोड्यांसाठी नेली होती, त्याचा राग आला. आत माणूस आहे हे ठाऊक नव्हते. किंकाळी ऐकली आणि मी आत धावले. हात बघा, महाराज."

राजाने चाचपले. दोन्ही तळवे भाजून सुरकुतलेले होते.

"हे तेव्हा का नाही सांगितलेस?"

"तुम्ही विचारलेत कुठे?"

राजाने खिळा धरला. तो हलेना. बोटे सोलली, रक्त आले, वर सूर्य मावळतीला टेकला. राजा ओरडून रडला आणि खिळा निघाला. सारी सावली घोंगावत त्याच्या अंगावरून परतली आणि तुंगाच्या पायांशी गोळा झाली. वर अंगणात चेंडू उडाल्याचा आवाज आला.

राजाने ठरवलेल्या नव्या शिक्षेप्रमाणे तुंगाने दोन वर्षे गिरजाच्या घरी पाणी भरले. त्या घरात फारसे कोणी बोलत नसे. मुदत सरली तशी ती निघून गेली, आणि गिरजा तिला वेशीपर्यंत पोचवायला गेली.

तेव्हापासून त्या राज्यात पोराची सावली कच्च्या सुताने बांधतात. ती वाढली की सूत तुटते. आणि शिक्षा सांगण्याआधी राजा सिंहासनावरून खाली उतरतो, पोरापुढे बसतो आणि म्हणतो, "हात दाखव."