काठाचा तोरा

फार पूर्वी नव्याने खणलेल्या एका तळ्याला चिकणमातीचा काठ होता, गुळगुळीत आणि उघडाबोडका. तो दिवसभर पाण्यात स्वतःचं रूप न्याहाळत बसायचा.

मागच्या बांधावरची हरळी म्हणाली, "काठराव, मला अंगावर पसरू द्या. माझी मुळं तुमची माती धरून ठेवतील."

"गुरांनी तुडवलेलं गवत माझ्या अंगावर? चल, सरक!" काठ खेकसला.

पुढे पाऊस कोसळला. उघड्या मातीत आधी घळी पडल्या, मग अख्खा काठ ढासळून तळ्यात गेला. हरळीचा बांध तेवढा जागचा हलला नाही.

हरळीत बसलेला बेडूक गढूळ पाण्याकडे बघून खदखदून हसला. "काय काठराव, रूप बघायचं होतं ना? आता पाण्यातच आहात. बघा की, काही दिसतंय का!"