शिक्का राजाचा, चिंचोका रयतेचा

फार फार पूर्वीची गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचे नावही आता कोणाच्या लक्षात नाही. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी, कारण चूक मोठ्यांचीच आहे.

त्या राज्यात एक राजा होता. माणूस चांगला, पण आपला चांगुलपणा वापरायची त्याला मुभा नव्हती. त्याच्या पणजोबाने एकदा रागाच्या भरात एक अख्खे गाव जाळले होते. तेव्हा रयत उठली, पुष्कळ रक्त सांडले आणि शेवटी करार झाला. राज्य करायचे ते रयतेने निवडलेल्या सभेने. निवडीच्या दिवशी गावोगावी चावडीवर उमेदवारांची मडकी मांडायची आणि ज्याने त्याने आपल्या पसंतीच्या मडक्यात एक चिंचोका टाकायचा. ज्याचे चिंचोके जास्त, तो सभेत जाणार. सभेत ज्याच्या बाजूने माणसे जास्त, तो प्रधान होणार.

आणि राजा? सभेने केलेल्या कायद्यावर त्याने शिक्का उठवायचा आणि दरबारात तो स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवायचा. प्रधानाला त्याने बंद दाराआड विचारावे, सल्ला द्यावा, फार तर बजावावे. पण तिथे काय बोलणे झाले, ते बाहेर कधी सांगायचे नाही.

करार झाला खरा, पण रयतेच्या अंगी तो कधी मुरला नाही. सभेत आपल्या वतीने कोण बसते, हे लोकांना माहीत नसे. राजाच्या तसबिरीला मात्र ते न चुकता फूल वाहत. आता काय म्हणावे अशा भाबडेपणाला!

एके दिवशी प्रधान नव्या कायद्याचा मसुदा घेऊन राजाकडे आला. उत्तरेकडच्या दरीत तांबे सापडले होते. तिथे खाण खणायची आणि दरीतली गावे उठवायची, असे सभेने ठरवले होते.

राजाचा चेहरा उतरला. त्या दरीत त्याची दूधआई राहत होती. तान्हेपणी तो तिच्या दुधावर वाढला होता, बोलायलाही तिच्याकडूनच शिकला होता.

"तिथला झरा आटेल," राजा म्हणाला. "ही माणसे जातील कुठे? काही सोय केलीत?"

"करू की, महाराज."

"मी तुम्हाला बजावतो आहे, प्रधानजी. हा अन्याय आहे."

प्रधानाने अदबीने मान लववली. "महाराजांनी बजावले, मी ऐकले. पण ठराव त्या दरीच्याच प्रतिनिधीने मांडला आहे. त्याच्या लोकांचे भले त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त कसे कळेल?"

राजाने मसुदा ठेवून घेतला.

बातमी दरीत पोहोचली, तशी दूधआई काठी टेकत राजवाड्यावर आली. तिला अडवायची कोणाची छाती नव्हती.

"बाळराजं, कागुद तुमच्यापुढं आलाय म्हनं," ती म्हणाली. "त्येच्यावर शिक्का मारू नगासा. आमचं दुसरं काय मागनं न्हाई."

"दूधआई, मला नाही म्हणता येत नाही."

"का न्हाई? राजं हायसा न्हवं?"

"आज मी तुझ्यासाठी सभेला नाही म्हटलं, तर उद्या माझा मुलगाही नाही म्हणेल. मग तो आपल्या मर्जीने कोणाचं गाव जाळेल, ते कोणी सांगावं?"

म्हातारीला हे कोणी सांगायला नको होते. पणजोबांनी जाळले ते गाव तिच्याच आजीचे होते. तरी ती म्हणाली, "त्येनी जाळलं, ते रागानं. तुमी तर समदं कळून सवरून शिक्का मारतायसा."

'मी प्रधानाला बजावलं होतं गं,' हे शब्द राजाच्या ओठांवर आले होते. ते त्याने गिळले. करारात तेही बसत नव्हते. दूधआई आली तशी परत गेली. राजाने शिक्का उठवला आणि भर दरबारात, तिनेच शिकवलेल्या भाषेत, तिचे गाव उठवण्याचा कायदा वाचून दाखवला.

खाण सुरू झाली. झरा आटला, गुरे मेली, आणि सोय काही झाली नाही. दरीतली माणसे पाठीवर बिऱ्हाडे घेऊन राजधानीच्या वेशीवरून पुढे निघाली. राजाला कळले तेव्हा तो अनवाणीच वेशीपर्यंत गेला. गर्दीत दूधआई दिसली. ती त्याच्याकडे पाहीना.

"एवढं एक सांग," राजा म्हणाला. "ज्याने हा ठराव मांडला, त्या माणसाला तुम्ही निवडलंत तरी कशाला?"

"आमी कुठलं निवडतोय? त्येचं त्वांडसुदिक आमी बघितलं न्हाई."

"मग त्याच्या मडक्यात चिंचोके टाकले कोणी?"

"त्येच्याच भावकीतल्या चार मान्सांनी टाकलं आसतील. त्या दिशी दरीत हुतं कोन? तुमच्या लेकाचं बारसं हुतं. आमी झाडून समदी हितं आलो हुतो. तुमी सज्जात येऊन हात हलवलासा. आमाला वाटलं, आपला राजा हाय की वर बसल्याला. मडक्यापाशी जाऊन काय करायचं?"

राजाला ते बारसे आठवले. अंगण माणसांनी फुलून गेले होते आणि त्याला केवढा आनंद झाला होता. आज कोणता दिवस आहे, ही माणसे आपापल्या चावडीवर का नाहीत, हे त्याने कोणालाच विचारले नव्हते. विचारायला करारात कुठे मनाई नव्हती.

तो दूधआईच्या पाया पडायला वाकला, पण ती पुढे निघून गेली होती. त्या पावसाळ्यात कोणाच्या तरी परक्या गोठ्यात ती मेली. दरीत खाणीवरची माणसे राहायला आली, आणि पुढच्या निवडीत तोच प्रतिनिधी पुन्हा सभेत गेला. राजा जन्मभर शिक्के उठवत राहिला. त्याच्या तसबिरीवरची फुले काही कमी झाली नाहीत.

यातून घ्यायचे ते एवढेच, की जी रयत आपला कौल द्यायचा दिवस राजाचे तोंड पाहण्यात घालवते, तिला कितीही चांगला राजा वाचवू शकत नाही.